टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर ऑईल गळते? आधी निदान, मग दुरुस्ती

(नशिराबाद येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा व्याख्याता. माझा विषय पिकांचा, इंजिनाचा नाही. तरीही आज मी इंजिनाच्या ऑईलगळतीबद्दल बोलणार आहे, कारण गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला पिकाऐवजी हाच प्रश्न विचारला. "साहेब, बेल्ट बदलला आणि तेव्हापासून गाडी ऑईल टाकते. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावे लागेल. काय करू?"

आपले गाव जळगाव-भुसावळ महामार्गावर आहे. भाजीपाला, कांदा, केळी, खताच्या गोण्या आणि ठिबकचे पाईप यांची बरीचशी ने-आण आता बैलगाडीऐवजी लहान मालवाहू गाड्यांतून होते. टाटा एस ही गाडी २००५ साली बाजारात आली आणि "छोटा हत्ती" या नावाने खेड्यापाड्यांत रुळली. अशा गाडीच्या लहान डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांत बेल्टऐवजी टायमिंगची गिअरे असतात आणि ती ऑईलमध्येच फिरतात. त्यामुळे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला जे ठाऊक असते, ते सगळेच या गाडीला लागू पडत नाही. येथूनच घोटाळा सुरू होतो.

बेल्टचे काम काय?

इंजिनाच्या खालच्या भागात क्रँक आणि वरच्या भागात कॅम फिरतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हावा लागतो, तरच व्हॉल्व वेळेवर उघडतात व मिटतात. हा मेळ दात असलेला रबरी पट्टा राखतो. तोच टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत डिझेल पंप व पाण्याचा पंपही याच बेल्टवर चालतो.

अशा गाडीचा बेल्ट कोरडा राहावा लागतो. ऑईल लागले की रबर फुगते, मऊ पडते, दात सुटू लागतात. बेल्ट एक-दोन दात घसरला किंवा तुटला, तर वर जाणारा पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यामधील जागा फारच थोडी असते. त्यामुळे व्हॉल्व वाकतात आणि हेड खोलावे लागते. ऑईलच्या थेंबाची भीती ऑईलच्या किमतीपुरती नाही, ती बेल्टसाठी बाळगायची.

बेल्ट बदलल्यावरच गळती का सुरू होते?

बेल्ट बदलताना ज्या भागांना हात लागतो, ते सारे ऑईल अडवणाऱ्या सांध्यांच्या शेजारी असतात. कारणे साधारणपणे अशी असतात.

१) क्रँकचे पुढचे ऑईल सील. सील म्हणजे फिरत्या दांड्याला घट्ट बसणारा रबरी ओठ. त्याच्या मागे बारीक स्प्रिंगचे कडे असते. जुने सील उष्णतेने कडक झालेले असते आणि एकाच जागी घासून तेथे बसलेले असते. पुली काढून पुन्हा बसवली की ही जागा किंचित बदलते आणि काल न गळणारे सील आज गळू लागते.

२) कॅमचे सील. हे वरच्या बाजूला असते. येथून गळलेले ऑईल बेल्टच्या कव्हरमधून खाली उतरते आणि क्रँकच्या पुलीखाली टपकते. पाहणाऱ्याला वाटते, क्रँकचेच सील गेले.

३) नवे सील चुकीचे बसणे. सील तिरके ठोकले गेले, ओठ दुमडला, कोरडेच बसवले, स्प्रिंगचे कडे निसटले किंवा जुने सील काढताना दांड्यावर ओरखडा उठला, तर नवे सीलही गळते. दांड्यावर जुन्या सीलने खाच पाडलेली असेल तर नवे सील त्याच खाचेत बसते आणि गळती चालूच राहते. अशा वेळी जागा असल्यास सील किंचित पुढे-मागे बसवतात किंवा दांड्यावर पातळ बाही चढवतात.

४) टॅपेट कव्हरचे गॅस्केट. बेल्टच्या कामासोबत बरेचजण टॅपेटही सेट करून घेतात. त्यासाठी वरचे कव्हर उघडते. जुनेच गॅस्केट पुन्हा लावले, ते कोपऱ्यात चिमटले किंवा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले, तर तेथून ऑईल झिरपते.

५) ऑईल फिल्टर आणि ड्रेन प्लग. बेल्टबरोबर ऑईलही बदलले असेल तर आधी हे पाहावे. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन कडी होतात आणि गळती होते. ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच असला तरी थेंब पडतात.

६) ऑईल जास्त भरणे. पट्टीवरील कमाल खुणेच्या वर ऑईल गेले तर क्रँक ते घुसळतो आणि सीलवर अकारण भार येतो.

७) ब्रीदर तुंबणे. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर जातो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ऑईलच्या वाफेत मिसळून ही नळी बुजवते. मग आतला दाब जेथे दुबळी जागा सापडेल तेथून ऑईल बाहेर ढकलतो. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल, तर ब्रीदर पाहिल्याशिवाय तिसरे सील घालू नका.

८) कामाच्या वेळी सांडलेले ऑईल. काही वेळा गळती नसतेच. खोलताना सांडलेले ऑईल खोबणीत साचलेले असते आणि ते आठ-दहा दिवस टपकत राहते.

कपाशीचा लाल्या आणि इंजिनाचे ऑईल

कपाशीची पाने लाल पडली की आपल्यातील कित्येकजण लगेच पंप खांद्यावर घेतात. पण पान लाल होण्याची कारणे अनेक आहेत. मॅग्नेशियमची कमतरता, नत्राची कमतरता, तुडतुड्यांचा उपद्रव, रात्रीच्या तापमानातील घट ही त्यांपैकी काही. तुडतुडे असताना मॅग्नेशियम सल्फेट फवारले किंवा मॅग्नेशियम कमी असताना कीटकनाशक फवारले, तर पैसाही जातो आणि पीकही सुधारत नाही. पानाची खालची बाजू उलटून पाहण्यास मात्र काही खर्च येत नाही.

इंजिनाचेही तसेच आहे. ऑईल जेथे दिसते तेथून ते गळत असेलच असे नाही. ते वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून नियम एकच: सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधा. थेंब पडतो ती जागा शेवटची असते.

घरच्या घरी निदान कसे करावे?

पहिली पायरी: ऑईलची पातळी. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा. पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि मग वाचा. पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर आधी ऑईल भरा, नंतरच पुढचे काम करा. ऑईलचा लाल दिवा लागत असेल तर गाडी चालवू नका, ओढून न्या.

दुसरी पायरी: गळते ते ऑईलच का? रात्री गाडीखाली खोक्याचा स्वच्छ पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग पाहा. डिझेल इंजिनाचे ऑईल काळसर व बुळबुळीत असते. रेडिएटरचे पाणी पातळ, हिरवट किंवा रंगीत असते. डिझेलला त्याचा वास येतो आणि डाग पसरतो. बेल्ट पाण्याच्या पंपावरूनही जात असेल तर बेल्टनंतरची गळती पाण्याचीही असू शकते. पुठ्ठ्यावर गाडीची पुढची बाजू खुणेने दाखवून ठेवा, म्हणजे डाग कोणत्या भागाखाली पडला ते कळेल.

तिसरी पायरी: सफाई. इंजिन पूर्ण गार असताना ब्रश व थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने बाहेरचा चिखल व ऑईल काढा आणि कपड्याने कोरडे करा. पेट्रोल वापरू नका. जवळ बिडी-काडी नको. बेल्टचे कव्हर जागेवर असू द्या, म्हणजे बेल्टवर रॉकेल उडणार नाही. अल्टरनेटर व तारांवर जोराचे पाणी मारू नका. या पायरीचा कंटाळा केला तर पुढची कोणतीही पायरी उपयोगी पडत नाही.

चौथी पायरी: पावडर. कोरड्या झालेल्या भागावर अंगाला लावायची साधी पावडर हलकी शिंपडा. टॅपेट कव्हरची कड, इंजिनाची पुढची बाजू, फिल्टरभोवतीचा भाग आणि चेंबरची कड यांवर ती बसू द्या. मग इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा. ऑईल जेथून निघते तेथे पावडरीत काळी रेघ उमटते. पाहताना बॅटरी व लहान आरसा वापरा. फिरत्या पुलीजवळ हात, उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर जाऊ देऊ नका. हात घालायचा असेल तर आधी इंजिन बंद करा.

पाचवी पायरी: गळती केव्हा होते? इंजिन चालू असतानाच गळत असेल तर दाबाखालील जागा पाहा, म्हणजे ऑईल फिल्टर, ऑईल प्रेशरचा स्विच आणि सील. रात्रभर उभ्या गाडीतूनही गळत असेल तर चेंबरचे गॅस्केट व ड्रेन प्लग पाहा.

सहावी पायरी: ब्रीदर. इंजिन बंद असताना ब्रीदरची नळी काढून आतून मोकळी आहे का पाहा. बुजली असेल तर साफ करा, कुजली असेल तर बदला. नंतर इंजिन मंद गतीवर ठेवून ऑईल भरण्याचे झाकण सैल करा आणि तेथेच उलटे ठेवा. थोडा धूर व हलकी धडधड डिझेल इंजिनात चालते. ब्रीदर मोकळा असूनही झाकण उडू लागले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. एवढ्यावरून इंजिन खोलू नका, आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

सातवी पायरी: बेल्ट. वरचे कव्हर उघडता येत असेल तर इंजिन बंद करून बेल्ट कोरडा आहे का पाहा. कव्हरच्या आत ऑईल असेल तर गळती कॅमच्या सीलची, क्रँकच्या सीलची किंवा वरून आत उतरणारी आहे. आत कोरडे आणि बाहेर ओले असेल तर सीलचा संशय बराच कमी होतो.

किती गळते ते मोजा

"थोडे थोडे गळते" हे माप नव्हे. एक हिशेब पाहा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदांनी एक थेंब पडला तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलिटर. रोज पाच तास गाडी चालली तर ९० मिलिलिटर. दहा-अकरा दिवसांत जवळजवळ एक लिटर. लहान इंजिनात पट्टीवरील किमान व कमाल खुणांमध्ये एवढेच, किंबहुना त्याहून कमी ऑईल मावते. म्हणजे आज कमाल खुणेवर असलेले ऑईल दोन आठवड्यांत किमान खुणेखाली जाऊ शकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा भरलेली गाडी कमी ऑईलवर चालवणे म्हणजे बेअरिंगशी खेळ आहे.

म्हणून वहीत तारीख, किलोमीटर, पट्टीवरील पातळी आणि भरलेले ऑईल लिहून ठेवा. आठ दिवसांची ही नोंद मिस्त्रीलाही फार उपयोगी पडते.

एक प्रत्यक्ष उदाहरण

भादली रस्त्यावर शेती असलेल्या एका नानांची गोष्ट सांगतो. वांगी आणि मिरची स्वतःच्या लहान गाडीतून ते बाजारात नेतात. बेल्ट बदलला, सोबत टॅपेट सेट केले. पंधरा दिवसांनी क्रँकच्या पुलीखाली थेंब दिसू लागले. गॅरेजमध्ये क्रँकचे सील बदलले. तीन दिवस बरे गेले, पुन्हा थेंब. मग सांगण्यात आले की रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावे लागेल. नानांनी बाजारातील उचल घेण्याची तयारी केली होती. वाटेत सहज त्यांनी मला विचारले.

आमच्या महाविद्यालयातील कृषी अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांना मी बरोबर घेतले. त्यांनी प्रथम नानांकडून इंजिन धुवून घेतले, मग पावडर टाकली. बाराव्या मिनिटाला काळी रेघ उमटली, ती टॅपेट कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यात. गॅस्केट तेथे चिमटून बसले होते. ऑईल तेथून बेल्टच्या कव्हरच्या फटीत उतरत होते आणि खाली पुलीजवळ टपकत होते. सील बदलताना खालचा भाग पुसला गेला, म्हणून तीन दिवस कोरडे वाटले. ब्रीदर मोकळा होता, झाकणही उडत नव्हते. कॉम्प्रेशनही तपासले, ते ठीक निघाले. हाफ इंजिनचे कारणच नव्हते.

गॅस्केट स्वस्तात झाले. पण कव्हर उघडल्यावर बेल्टची एक कड ऑईलने भिजलेली दिसली. नाना म्हणाले, "पुसून घेतो. महिन्याभरापूर्वीचाच तर आहे. तोडा चालू आहे, गाडी दोन दिवस उभी ठेवणे परवडत नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तोड्याच्या दिवसांत गाडी उभी राहिली की माल पडून राहतो. पण सहकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की रबरात मुरलेले ऑईल पुसून निघत नाही. बेल्ट रस्त्यात गेला तर दोन दिवसांचे पंधरा दिवस होतील आणि हेडचा खर्च वेगळा. नानांनी दोन दिवस शेजाऱ्याच्या गाडीतून माल पाठवला आणि बेल्ट पुन्हा बदलला. नवा बेल्ट वाया गेल्याची खंत त्यांना आजही आहे. ती खरीच आहे. पहिल्याच वेळी वर पाहिले असते तर तो बेल्टही वाचला असता.

मिस्त्री लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याने थेंब पाहिला आणि थेंबाच्या वरचा पहिला भाग बदलला. तो आपल्यासारखाच घाईत होता.

मिस्त्रीकडे जाताना

१) "सील बदला" असे सांगू नका. "गळती कोठून आहे ते मला दाखवा, मग खोला" असे सांगा. पावडरीतील रेघेचा मोबाईलवर फोटो काढून न्या.

२) बेल्ट बदलताना क्रँकचे व कॅमचे सील, टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि बेल्ट ताणणारा टेन्शनर तपासून घ्या. सील जुने असतील तर त्याच वेळी बदला. सीलची किंमत थोडी असते, खोलण्याची मजुरी जास्त.

३) काढलेले भाग परत मागून घ्या आणि बिलात प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्या.

४) बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील मापानुसार आवळण्यास सांगा. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात.

५) बेल्ट बदलण्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे या दोन्हींत दिलेली असते. जे आधी पूर्ण होईल ते धरावे. गाडी कमी चालली तरी उष्णतेने रबर जुने होतेच.

६) गळती थांबावी म्हणून जाड ऑईल किंवा गळती बंद करणारे औषध टाकू नका. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे ऑईल वापरा. चिमटलेले गॅस्केट औषधाने सरळ होत नाही.

जळके ऑईल कोठे टाकावे?

शेवटचा मुद्दा माझ्या विषयातला आहे. काढलेले ऑईल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. जमिनीच्या कणांवर त्याचा थर बसतो, पाणी व हवा मुरत नाही, तेथे उगवण होत नाही आणि पुढे ते पाण्यात उतरते. जनावरांच्या जखमांना ते लावण्याची जुनी सवयही सोडा. त्यात धातूंचे कण व घातक द्रव्ये असतात. झाकणाच्या डब्यात साठवून ते जुने ऑईल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे किंवा गॅरेजमार्फत द्या. हाताला लागले तर साबणाने धुवा.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि उद्या सकाळी तो पाहा. डाग असेल तर धुवा, पावडर टाका, वरची ओली जागा शोधा आणि मगच पैसे मोजा. बेल्टवर ऑईल दिसले तर मात्र बाजार चुकला तरी चालेल, गाडी रस्त्यावर काढू नका.